न बुडणारा दगड आणि मॅग्मातला गॅस

परवा टाच घासायचा दगड बादलीत पडला आणि लेक बाथरूममधून ओरडली, "आई, हा बुडतच नाहीये!" तिने तो चार वेळा दाबून तळाला नेला, चारही वेळा टुणकन वर. मग आम्ही दोघी भिंग घेऊन खिडकीत बसलो. नुसती भोकं. मोठी, बारीक, काही तर सुईच्या टोकाएवढी, आणि भोकांमधल्या भिंती इतक्या पातळ की कडेला उन्हात चमकत होत्या. चमकणारच, काचच ती. या दगडाला प्युमिस म्हणतात. प्युमिस म्हणजे मॅग्माचा, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाचा फेस, जो ज्वालामुखीतून उडाला आणि इतक्या पटकन थिजला की आतले बुडबुडे फुटायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

तिला सांगता सांगता मीच इतकी बोलत सुटले की म्हटलं लिहूनच काढू. कारण ज्वालामुखी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लाल लाव्हाची नदी येते, आणि मी गेली कित्येक वर्षं जे काही वाचत आलेय त्यावरून माझं पक्कं मत झालंय की त्या नदीपेक्षा या भोकांमध्ये जे भरलं होतं त्याला जास्त घाबरायला हवं.

आधी मॅग्मा राहतो कुठे ते. शाळेतल्या चित्रात डोंगराखाली एक मोठी लाल टाकी दाखवतात ना, तसं फारसं नसतं. पृथ्वीचं प्रावरण, म्हणजे वरच्या कवचाखालचा जाड थर, बहुतांश घन आहे, जिथे प्रेशर कमी होतं किंवा खडकात पाणी शिरून त्याचा वितळण्याचा बिंदू खाली येतो तिथेच थोडं थोडं वितळतं. आणि मॅग्मा साठतो त्या जागेला चेंबर म्हणतात, ते बऱ्याचदा स्फटिकांचा घट्ट लगदा असतो, भिजलेल्या स्पंजासारखा, ज्यात वितळलेला भाग फटींमधून साठलेला असतो. तो नेमका कुठे आहे हे वरून कळणं फार अवघड. आइसलँडमध्ये क्राफ्ला इथे २००९ साली भूगर्भातल्या उष्णतेसाठी खूप खोल विहीर खणत होते, आणि जेमतेम २ किलोमीटरवरच ड्रिल अडकायला लागलं, वर आलेल्या मातीत काचेचे तुकडे निघाले. थेट मॅग्मात घुसले होते! तो तिथे असेल असं आधी कुणालाच दिसलं नव्हतं.

आता गॅस. खोलवर प्रचंड दाबाखाली मॅग्मामध्ये पाणी विरघळलेलं असतं, कार्बन डायऑक्साइड असतो, गंधकाचे वायू असतात. पाणी काही प्रकारच्या मॅग्मात वजनाच्या ४-५ टक्क्यांपर्यंतसुद्धा. मॅग्मा वर यायला लागला की दाब कमी होतो, विरघळलेलं बाहेर पडायला लागतं, बुडबुडे होतात, बुडबुड्यांमुळे तो हलका होऊन अजून वर, अजून दाब कमी, अजून बुडबुडे. पुढे काय होणार ते सगळं चिकटपणावर. तुम्ही कधी कागद चिकटवायची खळ शिजवली असेल तर माहीत असेल, पाणी उकळताना बुडबुडे बिचारे गुपचूप फुटतात पण खळ घट्ट झाली की बुडबुडा आत अडकतो, फुगतो आणि फद्दकन फुटून हातावर चटका बसतो. अगदी तसंच. मॅग्मा चिकट होतो तो सिलिकामुळे, म्हणजे वाळूत आणि काचेत असतं त्या द्रव्यामुळे. बेसाल्ट या प्रकारच्या मॅग्मात सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास, तापमान ११००-१२०० डिग्री, पातळ, गॅस निघून जातो, लाव्हा वाहतो. ऱ्हायोलाइट या प्रकारात सिलिका ७० टक्क्यांच्या वर, तापमान ७००-९०० डिग्री, आणि चिकटपणा लाखो पटींनी जास्त. त्यातला गॅस सुटू शकत नाही, मग तो अख्ख्या मॅग्माच्याच चिंधड्या उडवून बाहेर येतो. म्हणजे जास्त गरम तो कमी भडकू आणि थंड तो घातक, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच वाटलं नव्हतं.

लाव्हाबद्दल एवढंच की तो घरं गिळतो, शेतं गिळतो, पण बहुतेक वेळा चालत बाजूला होता येतं. अपवाद आहे, काँगोतला न्यिरागोंगो, तिथला लाव्हा सिलिका कमी असल्यामुळे विलक्षण पातळ, १९७७ मध्ये विवरातलं लाव्हाचं तळं फुटून उतारावर गाडीच्या वेगाने आलं आणि लोक पळू शकले नाहीत.

झाकण उडालं की काय होतं ते अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीने दाखवलं. १९८० च्या वसंतात डोंगराची उत्तरेची बाजू रोज दीड-दोन मीटर बाहेर फुगत होती, आत मॅग्मा चढत होता. १८ मे ला सकाळी ८:३२ ला भूकंप झाला, ती पूर्ण बाजू घसरून गेली, आणि इतके दिवस दाबून धरलेला गॅस आडवा फुटला. वर नाही, आडवा. ५७ माणसं गेली, डोंगर सुमारे ४०० मीटरने बुटका झाला.

आणि पायरोक्लास्टिक फ्लो. गरम गॅस, राख आणि दगड यांचा जमिनीलगत धावणारा ढग, वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर आणि आत शेकडो डिग्री. याच्यापुढे पळणं हा पर्यायच नसतो, आधीच निघून जायला हवं. ८ मे १९०२ ला कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर माउंट पेले ज्वालामुखीचा असा ढग सेंट पिएर शहरावर आला, काही मिनिटांत साधारण २८ हजार लोक संपले. वाचलेल्यांपैकी एक तुरुंगाच्या जाड भिंतींच्या कोठडीतला कैदी होता.

गॅसला स्फोटसुद्धा लागत नाही बरं का. कॅमेरूनमधलं न्योस सरोवर ज्वालामुखीच्या विवरातलं, तळाच्या पाण्यात खालून येणारा कार्बन डायऑक्साइड साठत गेला आणि २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री एकदम उसळून वर आला. हवेपेक्षा जड, म्हणून दऱ्यांमधून खाली वाहत गेला. सुमारे १७०० माणसं, गुरंढोरं सगळी, बरीचशी झोपेतच. आता तिथे पाइप टाकून तळाचा गॅस मुद्दाम थोडा थोडा सोडतात.

राख हा शब्दच मला खटकतो, कारण ऐकून चुलीतली राख आठवते. ज्वालामुखीची राख म्हणजे त्याच काचेचा आणि खडकाचा भुगा, आपल्या प्युमिसच्या भोकांच्या भिंती फुटून झालेला. पाण्यात विरघळत नाही, फुप्फुसात जाते, विमानाच्या इंजिनात वितळून चिकटते. १९८२ मध्ये इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलेल्या एका जम्बो विमानाची चारही इंजिनं बंद पडली होती, खाली येता येता सुरू झाली म्हणून सगळे वाचले. आणि वजन! १० सेंटिमीटर सुकी राख म्हणजे छपराच्या एका चौरस मीटरवर ४० ते ७० किलो, पाऊस पडला की त्याच्या जवळपास दुप्पट.

पण मला सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट आहे ती आर्मेरो गावाची. कोलंबियातला नेवाडो देल रुइझ ज्वालामुखी, पाच हजार मीटरपेक्षा उंच, डोक्यावर बर्फ. १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री उद्रेक झाला, तसा लहानच, पण त्या गरम राखेने बर्फाचा एक भाग वितळवला आणि पाणी, राख, दगड, झाडं सगळं मिळून चिखलाचा लोंढा नदीच्या पात्रातून सुटला. याला लहार म्हणतात, जावामधला शब्द आहे, ओल्या सिमेंटसारखा जाड आणि नदीच्या वेगाने जाणारा. आर्मेरो डोंगरापासून ७० किलोमीटरवर. लोंढा पोचायला अडीच तासांच्या आसपास लागले. अडीच तास! शेजारच्या उंचवट्यावर चढून जायला त्याहून खूप कमी वेळ पुरला असता. तिथल्या शास्त्रज्ञांनी धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच काढला होता, त्यात गाव होतं. आणि गाव उभं होतं तेच मुळी १८४५ सालच्या अशाच चिखलावर. एकूण २३ हजार लोक गेले. मी हे जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा त्या अडीच तासांपाशीच अडकते.

सहा वर्षांनी फिलिपिन्समध्ये पिनातुबो ज्वालामुखी. सुमारे ५०० वर्षं गप्प, लोकांच्या लेखी नुसता झाडीचा डोंगर. मार्च-एप्रिल १९९१ मध्ये धक्के आणि वाफ सुरू झाली, तिथले आणि अमेरिकेचे शास्त्रज्ञ भूकंपमापक घेऊन बसले, पाच पायऱ्यांचे इशारे ठरवले, ज्वालामुखींचं चित्रण करत फिरणाऱ्या क्राफ्ट या शास्त्रज्ञ जोडप्याने काढलेली ज्वालामुखीच्या धोक्यांची व्हिडिओ फिल्म अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना दाखवली, कारण लहार म्हणजे काय हे शब्दांत सांगून पटत नाही. मोठा स्फोट १५ जूनला, आणि ते क्राफ्ट नवरा-बायको त्याच्या १२ दिवस आधी जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर पायरोक्लास्टिक फ्लोमध्ये सापडून मेले. हजारो लोक आधीच हलवले होते म्हणून वाचले. जे गेले त्यातले बरेचसे छपराखाली, कारण नेमकं त्याच दिवशी युन्या वादळ आलं आणि राख भिजली.

आणि तिथेही संपलं नाही, पुढची कित्येक वर्षं प्रत्येक पावसाळ्यात डोंगरावरची ती सैल राख लहार होऊन खाली येत राहिली. १९९५ मध्ये बाकोलोर गावातलं सान गिलेर्मो चर्च निम्म्यापर्यंत गाडलं गेलं. ते लोकांनी सोडलं नाही, आतली जमीन वर घेतली, आणि आता तिथे पूर्वीच्या खिडक्यांमधून आत जातात.