गिअरबॉक्सचा ताप

डॅशबोर्डवरचा काटा इंजिनच्या पाण्याचं तापमान सांगतो, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचं नाही. ट्रेलर ओढायला लागल्यापासून हे मला खुपत होतं, म्हणून शेवटी वेगळा गेज बसवला.

सेन्सर कुठे लावायचा हे ठरवण्यातच दोन रविवार गेले. तेल थंड करणाऱ्या कूलरकडे जाणाऱ्या नळीत लावला तर टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) निघालेलं सगळ्यात गरम तेल दिसतं, पण काटा सारखा नाचतो. मी गिअरबॉक्सच्या तळाशी असलेल्या तेलाच्या पॅनमध्ये लावला. पॅन उतरवून भोक पाडलं, सेन्सर फिरवून बसवायला आट्यांचा बुश वेल्ड करून घेतला. (तेल कोपरापर्यंत ओघळलं ते वेगळंच.)

सगळं जोडलं आणि काटा ढिम्म! तासभर वायरी चाचपल्या. घोळ माझाच होता. गळायला नको म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप भरभरून गुंडाळली होती, आणि एका वायरीच्या सेन्सरला अर्थिंग त्या आट्यांतूनच मिळतं. टेप खरवडून काढली, बोटभर सीलंट लावलं, काटा हलला.

सपाट रस्त्यावर ८५ अंश सेल्सिअस. परवा लांब चढावर ट्रेलरसकट ११० दिसले, तेव्हा गाडी बाजूला घेऊन न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवलं. १२० च्या पुढे तेल झपाट्यानं खराब होतं. बायको म्हणते, आता जरा रस्त्याकडेही बघ.