काय ठेवायचं, काय जाळायचं

मामंजींचं वर्षश्राद्ध होईपर्यंत त्यांच्या कागदांना कुणी हात लावला नव्हता. दिवाळीत दोन्ही भाऊजी परभणीला आले, तेव्हा "एकदाचं निपटवून टाकू" असं ठरलं.

लाईटबिलं, खता-बियाण्याच्या पावत्या, बंद खात्यांची पासबुकं यात फार वेळ गेला नाही. शेतीकर्ज देणाऱ्या सोसायटीचे बेबाकी दाखले, म्हणजे कर्ज फिटल्याचे दाखले, मात्र मी बाजूला काढले. कर्ज कधीचंच फिटलेलं असतं, पण सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा तसाच राहतो आणि जमिनीचं काही करायला गेलं की तलाठी पहिलं तेच बोट दाखवतो. अशा वेळी तो एवढासा दाखला लाख मोलाचा.

एकाधिकार योजनेतल्या, म्हणजे सगळा कापूस सरकारच घ्यायचं तेव्हाच्या, कापसाच्या पावत्या भाऊजींनी जाळायच्या गठ्ठ्यात टाकल्या होत्या. त्या उलट्या करून पाहिल्या तर मागे पेन्सिलीने मामंजींचं अक्षर. सालदाराचे किती, दुकानदाराचे किती, नणंदबाईंच्या कॉलेजच्या फीचे किती. एका पावतीवर खाली "बाईचं लुगडं पुढच्या चुकाऱ्यात" असं लिहून त्याखाली रेघ ओढलेली. बाई म्हणजे सासूबाई. ह्या पावत्यांचा कोणत्याही कचेरीत उपयोग नाही. तरी मी त्या ठेवल्या, आणि कुणी कितीही म्हटलं तरी फेकणार नाही.

खरी अडचण उर्दू कागदांची होती. आमच्या पिढीत ते कुणालाच वाचता येत नाहीत, म्हणून "निजामाच्या काळातलं आहे, आता काय कामाचं" असं सहज बोललं जातं. मराठवाड्यात किती घरांतून असे कागद बंबात गेले असतील, याचा विचार केला तरी जीव तुटतो. गल्लीतले एक निवृत्त उर्दू शिक्षक आहेत, त्यांना घरी बोलावलं. चहा घेता घेता चाचांनी एक पिवळी पावती उजेडात धरली. शेतसाऱ्याची, सन 1353 फसली, म्हणजे निजामाच्या महसुली सनाची, रक्कम हाली शिक्क्यात, म्हणजे निजामाच्या नाण्यात. फसली सनात 590 मिळवले की साधारण इसवी सन निघतं, म्हणजे ही 1943-44 ची. मग ते थांबले आणि म्हणाले, "बेटा, ये तो किसी औरत के नाम पे है. बेवा लिखा है."

मामंजींची आजी. नवरा तरुणपणीच वारलेला एवढंच आम्हाला ठाऊक होतं. सारा तिने स्वतःच्या नावावर भरला होता. मग 1954-55 च्या खासरा पाहणीची, म्हणजे कोणतं शेत कुणाच्या कब्जात आहे या तेव्हाच्या सरकारी नोंदीची, नक्कल शोधून काढली, तर त्यातही कब्जेदार म्हणून तीच. नंतरच्या फेरफारात मुलाचं नाव लागलं आणि घरातल्या बोलण्यातूनही ती गेली. माझ्या मुलीने त्या पावतीचा फोटो काढून घेतला.

2023 मध्ये मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी न्या. शिंदे समितीने जुन्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा गावोगावी लोकांनी जुन्या पेट्या उघडल्या. ज्यांनी कागद जपले होते त्यांच्या हाताला काही लागलं. जमिनीचा, वारसाचा, जातीचा, शाळेचा कागद कोणत्याही लिपीत असो, वाचून घेतल्याशिवाय जाळू नये, असं माझं ठाम मत आहे. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. एकदा ते झालं की जुना कागद पुन्हा सोडवता येत नाही. टाचण्यांचा गंज चढतो, रबरं आपल्याकडच्या उन्हाळ्यात वितळून कागदाला चिकटतात. मी सगळं काढून टाकलं आणि एकेक कागद सुती कापडात गुंडाळला.

अस्सल कुणाकडे ठेवायचे यावर थोडी बोलाचाली झाली. शेवटी धाकटे भाऊजीच म्हणाले, "वहिनी, तुम्हीच ठेवा, तुम्ही वाचता तरी." दोघांनी झेरॉक्सचा एकेक संच नेला. खासरा पाहणीची प्रमाणित नक्कल काढायला तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज दिलाय. सेतवार, म्हणजे सर्व्हे नंबरवार जमिनीची जुनी नोंदवही, तीही मिळते का, ते त्याच वेळी विचारणार आहे.