म्हणे

आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री मी साबुदाणा भिजत घातला. पाणी दाण्यांच्या वर पेरभर ठेवायचं की दाणे जेमतेम बुडतील इतकंच, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत, मी जेमतेमवाली. पातेल्यावर झाकण टाकलं आणि हात पुसता पुसता मनात आलं, हा दाणा आपल्याकडे आला तरी कधी? प्रश्न अगदीच रिकामटेकडा नव्हता. भिशीच्या बायकांनी या खेपेला प्रत्येकीने एकेका उपासाच्या पदार्थावर पाच मिनिटं बोलायचं ठरवलं होतं, आणि चिठ्ठीत माझ्या वाट्याला खिचडी आली होती.

असा प्रश्न पडला की मी पूर्वी गूगलमध्ये दोन-तीन शब्द टाकायची आणि समोर आलेल्या निळ्या ओळींवर एकेक करून टिचकी मारत बसायची. आता भाच्याने फोनमध्ये एक उत्तर देणारं यंत्र घालून दिलंय. त्याला सुटे शब्द द्यायचे नाहीत, माणसाला विचारावं तसं अख्खं वाक्य विचारायचं. ते इंटरनेटवर जाऊन चार ठिकाणची पानं उचलतं, त्यातले कामाचे तुकडे निवडतं आणि त्यांच्यावरून सलग उत्तर लिहून हातात देतं. वाक्यांच्या शेवटी बारीक आकडे असतात. कुठलं वाक्य कुठून घेतलं, त्याच्या त्या खुणा. आई या यंत्राला ‘तुझा गडी’ म्हणते. ‘विचार तुझ्या गड्याला’ असं म्हणताना तिच्या आवाजात नव्या सुनेच्या स्वैपाकाबद्दल असतो तसा एक संयम असतो.

गड्याला विचारलं. मी चष्मा सारखा करेपर्यंत उत्तर हजर. साबुदाणा सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी भारतात आणला. पेशवाईत साबुदाण्याची खिचडी हा उपवासाचा लोकप्रिय पदार्थ बनला. आकडा तीन. मी न विचारताच खाली कृतीही होती, आणि तिची सुरुवात अशी: ‘साबुदाण्याचे मोती स्वच्छ धुवून घ्या.’

मोती! आमच्याकडे मोती गळतात ते पानिपतावर, पातेल्यात नाही. पण गड्याचाही दोष नाही. या विषयावर मराठीत लिहिलेलं त्याला थोडंच सापडतं, मग तो इंग्रजी पानांवर जातो आणि तिथून माल उचलून मराठी पिशवीत भरून आणतो. इंग्रजीत त्या दाण्यांना मोतीच म्हणतात.

आईला वाचून दाखवलं. तिने जपमाळ थांबवली नाही, नुसती भुवई वर केली. “कोण म्हणतं?”

हा तिचा जुना प्रश्न. वय वर्षं ब्याऐंशी, माहेर वाईचं, आणि कुठलीही बातमी दारातून आत आली की आधी तिची चप्पल तपासायची सवय. सोनं उतरलं? कोण म्हणतं? अमक्याचं लग्न मोडलं? कोण म्हणतं?

“माझ्या आजीकडे एकादशीला वरीचे तांदूळ आणि शिंगाड्याची लापशी असायची,” आई म्हणाली. “साबुदाणा आला तो आजारी माणसाच्या खिरीसाठी. पेशवाईतला कुठला? बघ बरं, कोण म्हणतं ते.”

मी तीनवर बोट टेकवलं. एका पाककृतीचं पान उघडलं. लिहिणारी खुसखुशीत बाई असावी. तिच्या खिचडीच्या फोटोखाली वाक्य होतं: ‘पेशव्यांच्या वाड्यातसुद्धा एकादशीला म्हणे अशीच मऊ-मोकळी खिचडी व्हायची, मग आपण काय घोडं मारलंय!’

गड्याने वाडा घेतला, एकादशी घेतली, खिचडी घेतली. ‘म्हणे’ तेवढं चाळणीतून खाली पडलं.

त्या रात्री मी त्या पडलेल्या शब्दाचाच विचार करत राहिले. इतका लहान शब्द, पण मराठी माणसाचं निम्मं सार्वजनिक जीवन त्याच्यावर चालतं. ‘शेजारचा मुलगा अमेरिकेला चाललाय’ या वाक्याला मी जबाबदार. ‘चाललाय म्हणे’ या वाक्याला मी जबाबदार नाही. मला कुणीतरी सांगितलं, मी पुढे सरकवलं, उद्या तो सोलापूरला गेला तर मला विचारायचं नाही. एवढा करार दोन अक्षरांत बसतो. शब्द वाक्यात जागा बदलतो तसा रंगही बदलतो. शेवटी आला तर ऐकीव. मध्ये आला तर थोडा अचंबा: ‘तो म्हणे रोज पहाटे चारला उठतो.’ आणि अगदी सुरुवातीला आला की सरळ टोमणा: ‘म्हणे मला वेळ नाही!’ तिथे ऐकणाऱ्याला कळतं की बोलणारीचा त्यावर काडीचा विश्वास नाही.

गड्याचं काम शब्दांशी असूनही त्याला ही जागा दिसत नाही, किंवा दिसली तरी ती तो कोथिंबिरीच्या देठांसारखी खुडून टाकतो. त्याला वाक्यातली माहिती हवी असते. आणि माहितीचा अर्धा जीव कधीकधी सुरातच असतो, त्याला कोण काय करणार? २०२४च्या मे महिन्यात गूगलने अमेरिकेत शोधाच्या माथ्यावर अशी तयार उत्तरं द्यायला सुरुवात केली, तेव्हा पिझ्झ्यावरचं चीज घसरतंय असं विचारणाऱ्याला सॉसमध्ये थोडा बिनविषारी डिंक मिसळण्याचा सल्ला मिळाला होता. जगभर हशा झाला. तो सल्ला सुमारे अकरा वर्षांपूर्वी रेडिटवर कुणीतरी केलेल्या थट्टेतला निघाला. माहिती जशीच्या तशी पोचली, थट्टा वाटेत उतरली.

तसं म्हणायला गड्याकडे स्वतःचं एक ‘म्हणे’ आहे: ‘असे मानले जाते’. पण ते त्याच्या हातून पानभर सारखं भुरभुरलं जातं, अळणी भाजीवर मीठ उशिरा टाकावं तसं. साबुदाणा भिजवल्यावर मऊ होतो असे मानले जाते, हे वाक्य मी स्वतः वाचलं आहे. मानायचं काय त्यात? पातेल्यात बोट घालून बघ.

मी त्याला चूक दाखवली. तत्काळ उत्तर आलं, आपले निरीक्षण अगदी अचूक आहे, क्षमस्व. इतका होयबा मी सरकारी कचेरीत पाहिलेला नाही. मग मुद्दाम खोडी काढली आणि लिहिलं, खिचडी शिवकाळातली ना? तर म्हणाला, आपण उपस्थित केलेला मुद्दा महत्त्वाचा आहे. त्या रात्री आणखी दोन प्रश्नांत मी खिचडी सहज यादवांपर्यंत नेली असती.

झोपताना आई हरिपाठ म्हणत होती. आमच्याकडे आषाढीला वारीला जाणं होत नाही, पण रात्री अभंग म्हटल्याशिवाय दिवा शांत होत नाही. हरिपाठ संपवून ती तुकोबांकडे वळली. ‘तुका म्हणे’ आलं आणि मी उशीवरून उठून बसले. अरे, हेही ‘म्हणे’च की! तोच शब्द, तीच दोन अक्षरं, पण कारभार नेमका उलटा. भिशीतलं ‘म्हणे’ सांगतं की हे माझं नाही, कुणाचं ते विचारू नका. तुकोबांचं ‘म्हणे’ सांगतं की हे माझं आहे, भांडायचं तर माझ्याशी भांडा. नामा म्हणे, जनी म्हणे. चार ओळींची रचना, पण शेवटी माणूस स्वतः सहीला उभा.

आणि देहूत त्या काळी सालोमालो नावाचा एक होता म्हणे. तुकोबांचे अभंग घ्यायचा, शेवटची तेवढी सही काढायचा आणि तिथे आपलं नाव घालून कीर्तनात म्हणायचा. आख्यायिका आहे, पण गाथेत सालोमालोंची चांगली हजेरी घेतलेली आहे, तेव्हा कुठेतरी आग असणार. मला अंधारात हसू आलं. सालोमालोने निदान नाव तरी घातलं, स्वतःचं का असेना. गडी कुणाचंच घालत नाही, आकडा घालतो. आणि आकड्यावर बोट टेकवायला एकादशीच्या आदल्या रात्री आई शेजारी बसलेली लागते.

आता हे सगळं वाचून मी यंत्र काढून टाकलं असं वाटेल. छे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा त्यालाच जुंपलं, फक्त या वेळी उत्तर मागितलं नाही, पानं मागितली. कोण काय म्हणतं तेवढं आण, बाकीचं मी बघते. आणि त्याने अशी एक गोष्ट आणली की मी जन्मात तिथे पोचले नसते, कारण ती तमिळमध्ये होती. तमिळमध्ये साबुदाण्याला जव्वरिसी म्हणतात. अरिसी म्हणजे तांदूळ. जव्वरिसी म्हणजे जावाचा तांदूळ.

तिथून गाठी सुटत गेल्या. पोर्तुगीजांनी आणला तो कंद, कसावा, मूळचा दक्षिण अमेरिकेतला, दाणा नव्हे. केरळात तो रुजला, त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी १८८०नंतरच्या वर्षांत दुष्काळावर उपाय म्हणून त्याचा पुरस्कार केला, आणि तिथे तो आजही उकडून मासळीबरोबर खातात. दाण्याची वाट वेगळी. तो यायचा पूर्वेकडच्या बेटांवरून, आणि कंदाचा नसायचाच मुळी. एका ताडाच्या खोडातला गाभा काढून त्याचं पीठ करायचे. मलय भाषेत त्याचं नाव सागू. सागूचा आपल्याकडे साबू झाला, आमच्या वाई-साताऱ्याकडे शाबू. दुसऱ्या महायुद्धात बाहेरचा माल येईना, तेव्हा तमिळनाडूत सेलमच्या लोकांनी कसाव्याच्या सत्त्वाचे दाणे पाडायला सुरुवात केली. कंद ब्राझीलकडचा, नाव मलयातलं, कारखाना सेलमचा आणि उपास आमचा. १९८१ साली तिथल्या उत्पादकांनी सहकारी संस्था काढली, २०२३ साली सेलमच्या जव्वरिसीला भौगोलिक मानांकनही मिळालं. गड्याने काय केलं होतं, तर कंदाचं गलबत आणि दाण्याचं गलबत एकमेकांना बांधून दोन्ही शनिवारवाड्यात नेऊन लावली होती.

मग मला चेवच आला. शेंगदाणा? दक्षिण अमेरिका. मिरची? तीही अमेरिकेकडचीच, मेक्सिकोची. बटाटा? वस्तूही तिकडची आणि शब्दही पोर्तुगीजांचा. रताळं आणि ज्याला आपण साक्षात ऋषिमुनींचं धान्य समजतो तो राजगिरा, दोघंही अटलांटिक ओलांडून आलेले. खिचडीतून हे एकेक पाहुणे उठवले तर पातेल्यात जिरं, मीठ आणि तूप एवढंच उरतं. उपासाच्या ताटात इथले कोण, तर आजीची वरी आणि आजीचा शिंगाडा. म्हणजे आई बरोबर होती, आणि तिने एक पानही उघडलं नव्हतं.

खात्रीसाठी शेवटी मराठी विश्वकोशात गेले. आता तोही फोनवर वाचता येतो. त्याचं कार्यालय आमच्या वाईतच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक, पहिला खंड १९७६ सालचा, एकूण २० खंड. लहानपणी मामाबरोबर त्या बाजूने जाताना तो आवाज खाली घ्यायचा, आत माणसं विचार करतायत म्हणून. विश्वकोशाची भाषा म्हणजे कांजी केलेलं धोतर. त्यात ‘म्हणे’ला प्रवेश नाही, थट्टेला तर नाहीच नाही. पण नोंद संपते तिथे, उजव्या बाजूला, एक नाव असतं. आडनाव, पुढे दोन आद्याक्षरं. कुणीतरी एक माणूस, त्याने कंदाविषयी चार परिच्छेद लिहिले आणि खाली उभा राहिला. मी इतकी वर्षं त्या नावांवरून नजर पुढे नेत आले होते, चित्रपटाच्या शेवटी उठून दिवे लागायची वाट बघावी तशी. या वेळी थांबून वाचलं.

भिशीत माझी पाच मिनिटं चौदा मिनिटांवर गेली. सेलमपर्यंत सगळ्या ऐकत होत्या. राजगिऱ्याला दोघी दुखावल्या. एकीने विचारलं, मग चतुर्थीला चालतो की नाही ते सांग. ते मात्र गड्यालाही विचारायची माझी हिंमत नव्हती.

घरी आले तर आई फोनवर होती, पलीकडे मावशी. खिचडीची रिकामी बशी शेजारी; कडेला एक मिरचीचा तुकडा वेगळा काढून ठेवलेला. सकाळी मी तिला सगळं समजावून सांगितलं होतं, कंद, ताड, जावा, महायुद्ध, क्रमवार.

“अगं, ऐकलंस का,” ती सांगत होती, “साबुदाणा आपला नाहीच. जपानहून आला म्हणे, लढाईत... नाही, कुणास ठाऊक. आमची पोरगी म्हणते. फोनमध्ये गडी ठेवलाय ना तिने... हो, मी खाल्ला की. बशीभर. तू खोबरं घातलंस का वरून?”