चिठ्ठी एक, माल दुसरा

गेल्या आठवड्यात एका कार्यालयाच्या संकेतस्थळावर कर भरला, ‘पावती पाहा’ या बटणावर क्लिक केले आणि पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हे आणि सुट्या रोमन अक्षरांचा चिखल पसरला. पैसे खात्यातून गेलेले असल्यामुळे छातीत धस्स झाले. पण पहिल्या ओळीकडे नीट पाहिल्यावर जीव भांड्यात पडला. तिच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह होते आणि त्याला लागून रोमन लिपीत ‘पीडीएफ-१.४’ असे लिहिलेले होते. म्हणजे पावती आली होती, अगदी पूर्ण आली होती. फक्त ‘हे वेबपान आहे’ असे ब्राउझरला कोणीतरी सांगितले होते आणि त्याने बिचाऱ्याने ते पान म्हणून मांडून दाखवले होते.

फाइलचा प्रकार तिच्या नावाच्या शेपटीवरून ठरतो, अशी आपली समजूत असते. विंडोजच्या संगणकात बव्हंशी तसेच घडते, वेबवर मात्र नावाला फारशी किंमत नसते. फाइलच्या आधी सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळ पुरवणारा संगणक, काही ओळी पाठवतो आणि त्यांतील ‘कन्टेन्ट-टाइप’ नावाची ओळ ही खरी चिठ्ठी: ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ असेल तर पान, ‘इमेज/पीएनजी’ असेल तर चित्र, ‘ॲप्लिकेशन/पीडीएफ’ असेल तर माझी पावती. ही पद्धत वेबने ईमेलकडून उसनी घेतली आहे. ईमेलमधून साध्या मजकुराबरोबर चित्रे आणि ध्वनीही पाठवता यावेत, म्हणून नॅथनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये तिचा आराखडा प्रसिद्ध केला होता. पीएचपीसारख्या साधनांत प्रोग्राम लिहिणाऱ्याने चिठ्ठीचा विचारच केला नाही, तर ती आपण होऊन ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ अशी लावली जाते. माझ्या पावतीचे बहुधा असेच झाले असावे.

चिठ्ठी खोटी निघण्याची शक्यता ब्राउझर बनवणाऱ्यांना फार पूर्वीच उमगली होती, म्हणून ब्राउझर माल हुंगूनही पाहतो; या क्रियेला त्या क्षेत्रात ‘स्निफिंग’ असेच म्हणतात. बोर्नव्हिटाच्या बरणीत मेथीदाणे असलेल्या आमच्या घरात या पद्धतीचे नवल वाटण्याचे कारण नाही. बहुतेक फाइलींच्या आरंभीच्या काही बाइटांत त्यांची ओळख दडलेली असते. झिप फाइल ‘पी’ आणि ‘के’ या अक्षरांनी सुरू होते, कारण ती पद्धत बनवणाऱ्याचे नाव फिल कॅट्झ. आणि आजची वर्डची फाइल आतून झिपच असल्यामुळे तिच्याही कपाळावर कॅट्झ यांची आद्याक्षरे असतात.

मला सर्वांत आवडते ती पीएनजी चित्राची खूण: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. पहिला अंक मुद्दाम १२७ च्या वरचा निवडला आहे, कारण जुन्या वाहिन्यांतून बाइटाच्या आठ बिटांपैकी आठवा गळून पडत असे आणि तसे झाले की खूण तिथेच मोडून घोटाळा उघडकीस येई. पुढचे तीन बाइट म्हणजे ‘पी’, ‘एन’, ‘जी’ ही अक्षरे. १३ आणि १० ही ओळ संपल्याची जोडी, तर शेवटचा १० एकटा. वाटेत कोणी ओळींचे शेवट ‘सुधारून’ फाइल बिघडवली, तर या दोहोंपैकी एक जागा नक्की बोलते. मधला २६ तर थेट माझ्या दुखण्यावरचा आहे. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीत चुकून कोणी चित्राची फाइल मजकूर म्हणून पडद्यावर उतरवली, तर या अंकापाशी उतरणे थांबे आणि पुढचा चिखल सांडत नसे. आठ बाइटांत इतका संसारी विचार करणाऱ्या माणसांबद्दल आदर वाटतो.

मात्र हुंगण्याच्या या गुणाला आपल्याकडच्या ‘सांभाळून घेण्या’सारखेच वळण लागले. अपाची हा एके काळचा अतिशय लोकप्रिय सर्व्हर-प्रोग्राम, फाइलचा प्रकार ठाऊक नसला की ‘टेक्स्ट/प्लेन’, म्हणजे साधा मजकूर, अशी चिठ्ठी ठोकून देत असे. ब्राउझरने मजकूर हुंगून दुरुस्ती केली, पाहणाऱ्याचे काम झाले, आणि काम झाल्यामुळे सर्व्हरची मांडणी सुधारण्याची कोणालाच गरज वाटली नाही. जो ब्राउझर सांभाळून घेणार नाही त्याच्याच नावाने लोक बोटे मोडणार, हे उघड असल्याने इतरांनाही तेच करावे लागले. शेवटी ही ढिलाई नियमपुस्तकात गेली. माल हुंगण्याबद्दलच्या आजच्या मानकात ‘टेक्स्ट/प्लेन’च्या नेमक्या चार लेखनपद्धती दिल्या आहेत आणि चिठ्ठी त्यांपैकी एकीशी अक्षरश: जुळली, तरच तिच्यावर अपाचीच्या जुन्या खोडीचा संशय घ्यायचा आहे. एखादी मोकळी जागा कमीजास्त झाली की संशय रद्द! त्याच मानकाप्रमाणे हुंगण्यासाठी आरंभीचे १,४४५ बाइट पुरेसे असतात.

अतिदक्षतेने काय होते, हे ॲडम बार्थ, हुआन काबायेरो आणि डॉन साँग यांनी २००९ मध्ये फार मिश्कीलपणे दाखवून दिले. त्यांनी परीक्षणासाठी पाठवता येईल असा एक शोधनिबंध कल्पिला, जो रीतसर निबंध तर होताच, पण ज्याच्या पोटात वेबपानाच्या खुणाही पेरलेल्या होत्या. परीक्षकाने तो उघडताच हुंगणारा ब्राउझर त्याला पान समजे आणि आतला प्रोग्राम परीक्षकाच्याच नावाने त्या निबंधाला उत्तम गुण देऊन मोकळा होई. अशा उद्योगांना आवर घालण्यासाठी सर्व्हरने चिठ्ठीसोबत ‘नोस्निफ’ अशी ताकीद पाठवण्याची सोय त्याआधीच, २००८ मध्ये, निघाली होती, आणि ती काढली इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरने, जो हुंगण्यात सर्वांच्या पुढे होता.

मराठी वाचकाला या गोंधळाचा एक खास प्रसाद मिळतो. चिठ्ठीत आणि पानातही लिपीची संकेतपद्धती सांगायची राहिली आणि ब्राउझरचा अंदाज युरोपी लिपीकडे झुकला, की यूटीएफ-८ या आजच्या रूढ संकेतपद्धतीतील आपले तीन बाइटांचे प्रत्येक चिन्ह डोक्यावर तिरकी रेघ घेतलेल्या रोमन ‘ए’ने सुरू होते, आणि दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा यांच्या पोटातून जपानी येनचे चिन्ह डोकावू लागते. मजकूर जितका मात्रांनी समृद्ध, तितके येन अधिक.

पावतीसाठी मी शेवटी बटणावर उजवी क्लिक करून ती संगणकात उतरवून घेतली. नावाच्या शेवटी ‘पीएचपी’ असल्यामुळे संगणकाने ती ओळखण्यास साफ नकार दिला. ती तीन अक्षरे खोडून ‘पीडीएफ’ लिहिल्याबरोबर पावती निमूटपणे उघडली. खाली छापले होते, ‘ही संगणकीय पावती असल्यामुळे स्वाक्षरीची आवश्यकता नाही.’ संकेतस्थळातील चूक कळवावी म्हणून कार्यालयात फोन केला. पलीकडच्या मुलाने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “काका, तुम्ही असं करा, प्रिंट काढून घेऊन या. शिक्का मारून देतो.”