मधल्या नावापायी अकरा आठवडे

ट्रिनिडाडला वर्षभरासाठी जायचं ठरलं तेव्हा ज्याने त्याने विचारलं, जेवणाचं काय, भाषेचं काय, उकाडा सोसेल का. नावाचं काय, हे कुणी विचारलं नाही. मी अडकले ती तिथेच, आणि तीही अकरा आठवडे. म्हणून आधी तेच सांगते. पासपोर्ट, पदवी आणि नेमणूकपत्र या तिन्हींवर तुमचं नाव अक्षरन् अक्षर सारखं नसेल, तर तिकीट काढण्याआधी ते निस्तरून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी तर नक्कीच.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. बिनपगारी रजा काढून युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट इंडीजच्या सेंट ऑगस्टीनच्या शाखेत गेले होते. हे विद्यापीठ एका देशाचं नाही, कॅरिबियनमधल्या इंग्रजी बोलणाऱ्या बऱ्याच देशांचं मिळून आहे. १९४८ साली ते जमैकातल्या मोना इथे सुरू झालं आणि १९६० मध्ये ट्रिनिडाडमधलं जुनं शेतकी कॉलेज त्यात सामील झालं. तेच आजचं सेंट ऑगस्टीन. माझा निम्मा वेळ तिथल्या अल्मा जॉर्डन ग्रंथालयात तालिकीकरणात, म्हणजे पुस्तकांच्या सूचीतल्या नोंदी करण्यात जायचा, निम्मा पहिल्या वर्षाच्या मुलांना संदर्भ शोधायला शिकवण्यात. व्हिसा, प्रवास, घर हे सगळं जमून गेलं. फक्त अमेरिकेमार्गे जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही तिथला व्हिसा लागतो, हे लक्षात ठेवा.

आता नावाकडे येते. माझ्या पदवीवर माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव आहे. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. लेख सगळे माहेरच्या नावाने छापलेले, म्हणून अर्जही त्याच नावाने केला आणि नेमणूकपत्र त्याच नावाने आलं. पहिल्या पगाराचा चेकही त्याच नावाचा. आपल्याकडे यात कुणाला काही वावगं वाटलं नसतं.

तो चेक घेऊन मी बँकेत गेले. बँकेचं नाव लिहीत नाही. तिथे परक्या माणसाला खातं उघडायचं तर पासपोर्ट, दुसरं एक ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, नोकरीचं पत्र आणि मायदेशातल्या बँकेचं पत्र मागतात. विजेचं बिल घरमालकिणीच्या नावावर होतं, पण तिने एक चिठ्ठी लिहून दिली, सोबत स्वतःच्या ओळखपत्राची प्रत जोडली, ते चाललं. मग खिडकीपलीकडच्या मुलीने पासपोर्ट आणि नेमणूकपत्र शेजारी शेजारी ठेवलं आणि म्हणाली, "मिस, ही दोन माणसं आहेत."

मी म्हटलं, लग्नानंतर नाव बदललं.

"आडनाव बदललं ते कळलं. मधलं नाव का बदललं? आणि हे तर पुरुषाचं नाव आहे."

तिथे लग्नानंतर बदललंच तर आडनाव बदलतं, मधलं नाव जन्मापासून तेच राहतं. मी आमची पद्धत समजावली. तिने ऐकून घेतलं आणि सांगितलं, "डीड पोल आणा." डीड पोल म्हणजे नाव बदलल्याचा रीतसर नोंदवलेला दस्त. आपल्याकडे त्या जागी राजपत्रात नाव प्रसिद्ध करतात. मी ते केलं नव्हतं, कारण वीस वर्षांत कधी लागलंच नव्हतं.

दुसऱ्या खेपेला सगळा खुलासा कागदावर लिहून नेला. पुन्हा डीड पोल. तिसऱ्या खेपेसाठी लग्नाचा दाखला मागवायचा ठरवला, आणि यातच पाच आठवडे गेले. दाखल्यावर आधी मंत्रालयातून आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून शिक्का, म्हणजे अपॉस्टिल, घ्यावा लागतो. माझे दीर त्यासाठी पुण्याहून मुंबईला खेपा घालत होते. साडेनऊ तासांचा फरक. मी रात्री साडेदहाला फोन लावायचे तेव्हा त्यांच्याकडे सकाळचे आठ वाजलेले असायचे. "वहिनी, काल साहेब जागेवर नव्हते, परवा परत जातो," हे वाक्य मी तीनदा ऐकलं. कुरियरने दाखला आला त्या दिवशी मला वाटलं, सुटले.

खिडकीतली मुलगी दाखला दोन्ही बाजूंनी वाचून म्हणाली, "यात लग्न झाल्याचं लिहिलंय. नाव बदलल्याचं कुठे लिहिलंय?"

खरंच लिहिलेलं नव्हतं. वधूचं नाव माहेरचं, वराचं त्याचं, तारीख, सह्या. लग्नानंतर ही बाई कोणत्या नावाने ओळखली जाईल याबद्दल एक अक्षर नाही. मी बाहेर आले आणि ईस्टर्न मेन रोडवर लाल पट्ट्याच्या मॅक्सी टॅक्सी, म्हणजे तिथल्या छोट्या बस, एकामागून एक जाऊ दिल्या. पर्समध्ये दोन महिन्यांचे दोन चेक होते आणि भाडं पुण्याहून आणलेल्या पैशांतून चाललं होतं. इतका संताप मला आयुष्यात फार थोड्या वेळा आला आहे.

त्या काळात ग्रंथालयात मी दिवसभर नावांचंच काम करत होते, हेही सांगायला हवं. एकच लेखक एका पुस्तकावर पूर्ण नावाने, दुसऱ्यावर आद्याक्षरांनी, तिसऱ्यावर लग्नानंतरच्या आडनावाने. त्यातलं एक नाव प्रमाण धरायचं आणि बाकीच्या प्रत्येक नावापाशी 'अमुक नाव पाहा' असा संलेख, म्हणजे सूचीतली नोंद, ठेवायचा. आमच्या धंद्यात हे पहिल्या वर्षी शिकवतात. नाव बदलल्याने माणूस बदलत नाही, हे ग्रंथालयाने केव्हाच मान्य केलेलं आहे.

आणि ट्रिनिडाडमध्ये तर नावांचा प्रश्न घरोघरी आहे. ३० मे १८४५ रोजी फतेल रझाक जहाजातून २२५ माणसं तिथे उतरली, आणि १९१७ पर्यंत एक लाख चाळीस हजारांहून अधिक गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले भारतीय मजूर, आले. बहुतेक कलकत्त्याहून निघालेले, आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. एका दुपारी साधारण सत्तरीचे एक गृहस्थ पणजोबांच्या एमिग्रेशन पासची, म्हणजे भारत सोडतानाच्या परवान्याची, झेरॉक्स घेऊन आले. "तू इंडियातली ना? हे वाच." मी सांगितलं, मी पुण्याची, हा मुलूख माझा नव्हे. तरी वाचलं. नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव, अंगावरची खूण. जिल्हा बस्ती होता. गावाचं नाव इंग्रज कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलेलं, ते मला लागलं नाही. त्या गृहस्थांचं आडनाव म्हणजे पणजोबांचं नाव. पणजोबांना आडनाव नव्हतंच, उतरल्यावर त्यांचं एकुलतं एक नाव पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. त्यांनी 'बापाचं नाव' या रकान्यावर बोट ठेवलं आणि ते नाव माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं, उच्चार बसेपर्यंत. ते कधी कुणी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं नव्हतं.

माझी अडचण विभागप्रमुख बाईंना कळली तेव्हा त्यांनी दोन गोष्टी करायला लावल्या. नेमणूकपत्र नव्याने काढून घ्यायचं, त्यात पासपोर्टवरचं नाव आणि पुढे उर्फ म्हणून माहेरचं. आणि तिथल्या कमिशनर ऑफ अफिडेव्हिट्ससमोर प्रतिज्ञापत्र करायचं. हे पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं. तुम्ही करा.

चौथी खेप दिवाळीच्या सुट्टीनंतरची. तिथे दिवाळीला देशभर सुट्टी असते. खिडकीवर त्या दिवशी एक वयस्कर बाई होत्या. मी नवं पत्र आणि प्रतिज्ञापत्र पुढे केलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं, पासपोर्ट घेतला आणि शेवटचं पान उघडलं. तीन खेपांत ते पान कुणी उघडलं नव्हतं, मीही नाही. माझ्या पासपोर्टच्या त्या पानावर वडिलांचं पूर्ण नाव आहे, आईचं आहे आणि नवऱ्याचंही. त्यांनी एक बोट वडिलांच्या ओळीवर ठेवलं, दुसऱ्या हाताने पदवीचं प्रमाणपत्र ओढून त्यावरच्या मधल्या नावावर बोट ठेवलं.

"हे वडील?"

"हो."

मग बोट नवऱ्याच्या ओळीवर आणि तिथून पहिल्या पानावर माझ्या नावाकडे. "आणि हा नवरा."

"हो."

"मग काय अडलं होतं?" असं म्हणून त्यांनी अर्जावर शिक्का मारला. मला तिथेच रडू आलं. त्या काही बोलल्या नाहीत, टिश्यूचा डबा पुढे सरकवला.

तेव्हा पासपोर्टचं शेवटचं पान स्वतःहून उघडून दाखवा. पदवीची मूळ प्रत जवळ ठेवा, झेरॉक्सवर कुणी बोट ठेवून बघत नाही. वेळ असेल तर राजपत्रातलं काम इथूनच करून जा.

बाकीचं आठवेल तसं सांगते. तिथे कुठल्याही कचेरीत, अगदी मॅक्सी टॅक्सीतही शिरताना आधी सगळ्यांना "गुड मॉर्निंग" म्हणायचं. न म्हणता काम सांगितलं तर ते उद्धटपणाचं धरतात, आणि पहिल्या दिवशी मी घाईत म्हटलं नव्हतं. ग्रंथालयाच्या वेस्ट इंडियाना, म्हणजे कॅरिबियनविषयीच्या संग्रहाच्या, विभागात शाईचं पेन आणि पिशवी नेता येत नाही, शिसपेन न्या. एसी बेताल असतो, बाहेर घाम आणि आत मी वर्षभर शाल घेऊन बसले. पगार स्थानिक डॉलरमध्ये मिळतो आणि देशात अमेरिकन डॉलरची टंचाई आहे, त्यामुळे घरी हवे तेवढे पैसे हवे तेव्हा पाठवता येत नाहीत. कर्ज फेडायचं असेल तर इथे आधीच सोय करून जा. कार्निव्हलच्या सोमवारी-मंगळवारी कुठलंही काम होत नाही. सकाळी सेंट ऑगस्टीनशेजारच्या क्युरेपला डबल्स खा, मऊ बाऱ्यांवर, म्हणजे पुरीसारख्या तळलेल्या पोळ्यांवर, चण्याची उसळ आणि वर चिंचेची चटणी, पोट भरतं आणि खिसा रिकामा होत नाही.

आणि पिवळ्या तापाची लस. ट्रिनिडाड त्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे, त्यामुळे परत येताना भारतात उतरल्यावर प्रमाणपत्र मागतात आणि नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस टोचल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं, म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यावर टाकू नका. त्या पिवळ्या पुस्तिकेवर कारकून नाव हाताने लिहितो. माझ्या पुस्तिकेवर त्याने मधलं नाव गाळलं होतं. मी खुर्चीवरून उठण्याआधीच ते लिहून घेतलं.