आर-३२ची पुढची खिडकी कशी पटकावली

न्यूयॉर्कच्या सबवेतल्या जुन्या आर-३२ गाड्यांना निरोप द्यायचा ठरला तेव्हा लेकीने एकच हट्ट धरला. बसायचं नाही, पुढच्या काचेशी उभं राहायचं. या गाडीत मोटरमनची केबिन अर्ध्याच रुंदीची. तिच्या शेजारी, डब्याच्या तोंडाशी मधोमध दार, आणि त्या दाराला काच. तिथे उभं राहिलं की समोरचे रूळ थेट दिसतात. नव्या गाड्यांत केबिन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, प्रवाशाला पुढचं काही दिसत नाही.

शेवटच्या फेऱ्या रविवारच्या होत्या. आम्ही गेलो २६ डिसेंबर २०२१ला. ओमायक्रॉन ऐन भरात, गाडीत मास्क सक्तीचा. सेकंड अव्हेन्यूला पावणेतीन डॉलरला कार्ड सरकवलं, खाली उतरले आणि फलाटाचं पुढचं टोक बघून पोटात गोळा आला. कॅमेरे, खांद्यावर पोरं, आणि सगळ्यांत पुढे ठाण मांडून बसलेले पिकल्या केसांचे दर्दी. तिथे आमचा निभाव लागणं शक्य नव्हतं.

मग डोंबिवली कामाला आली. कॉलेजात असताना सीटसाठी आम्ही आधी उलटं कल्याणला जायचो आणि तिथूनच सुटणारी लोकल धरून बसून यायचो. ही गाडी वर १४५व्या स्ट्रीटपर्यंत जाऊन परत फिरणार होती. म्हणजे जाताना जो डबा शेवटचा, तोच येताना पहिला! लेकीचा हात धरला आणि गर्दीच्या उलट दिशेने चालायला लागले. "आई, पुढे तिकडे आहे," ती रडकुंडीला आली. म्हटलं, "गप चल."

शेवटच्या डब्यात मोजून सहा माणसं. आतलं स्टील हातांनी घासून घासून मऊ झालेलं. बाहेरून मात्र पन्हाळीच्या पत्र्यासारख्या आडव्या रेघा, त्याही स्टेनलेस स्टीलच्या. १९६४मध्ये या गाड्या आल्या तेव्हा त्या चकाकीवरून त्यांचं नाव पडलं 'ब्राइटलायनर'. फिलाडेल्फियाच्या बड कंपनीने ६०० डबे बांधले. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांची आतून-बाहेरून डागडुजी झाली, एसी बसले. पुढे नव्या गाड्या आल्या तसे बरेचसे डबे काढले, आणि त्यातले कितीतरी अटलांटिकच्या तळाशी माशांना आसरा म्हणून बुडवले. उरलेलेही तेव्हाच जायचे. पण सत्तरच्या दशकातल्या, म्हणजे वयाने धाकट्या आर-४४ गाड्यांच्या सांगाड्यांना गंज लागलेला निघाला. त्या आधी भंगारात गेल्या आणि म्हातारीला आणखी दशकभर जुंपलं. आपल्याकडेही घरोघरी असंच होतं म्हणा.

१४५ला गाडी थांबली. मोटरमन फलाटावरून चालत आमच्या टोकाला आला, हातात त्याचं ब्रेकचं हँडल. केबिनचं दार लागलं. तेवढ्यात पुढची मंडळी धापा टाकत पोचली, पण लेक काचेला नाक लावून केव्हाची उभी होती.

बोगद्यात ती काच नुसती बघायला उपयोगाची नाही, डब्यातले दिवे त्यात उमटतात आणि आपलाच चेहरा दिसतो. दोन्ही तळहातांचा आडोसा करावा लागतो. मागच्या एका आजोबांनी तिला ते करून दाखवलं. मग दिसायला लागलं: ओले रूळ, हिरवे सिग्नल, आणि गाडी पुढे जाताच मागे पडणारे खांब.

१२५व्या स्ट्रीटच्या स्टेशननंतर गाडी एकदम ५९व्यालाच थांबणार होती. मधली सात स्टेशनं नुसती उजेडाचे पट्टे होऊन गेली. गाडी खडखडत होती, हलत होती, पायाखालून मोटारींचा चढता सूर येत होता. डब्यातलं कुणीच बोलत नव्हतं. एक स्टेशन आलं की लेक आकडा सांगायची, शहाऐंशी, एक्याऐंशी, बहात्तर.

सेकंड अव्हेन्यूला पोचलो तर पुढच्या फेरीची गर्दी उभीच. सगळे पलीकडच्या टोकाकडे धावले. लेकीने विचारलं, "उतरायचं ना?"

"छे," म्हटलं. "आपला डबा आता परत शेवटचा झाला."