बाबांचे टाळ

गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवशी पहाटे काटोल नाक्यावर आमची दिंडी उभी राहिली, तेव्हा बाबा ऑटोतून उतरून काठी टेकत आले आणि त्यांनी आपले टाळ माझ्या हातात ठेवले. कोरोनाची दोन वर्षे वगळता 1992 पासून नागपूर ते धापेवाडा ही वाट दर आषाढात पायी चालणाऱ्या माझ्या वडिलांचे गुडघे यंदा त्यांना साथ देईनात. आपल्या जुन्या गाड्यांच्या दुकानात सात गाड्या उभ्या आहेत, त्यातली एक घेऊन उद्या थेट देवळात या, असे मी त्यांना म्हटले. ते म्हणाले, "दर्शनाला गाडीनं जाता येते, बेटा. वारीला नाही."

कळमेश्वर तालुक्यातील धापेवाड्याला विदर्भाचे पंढरपूर म्हणतात. गावाशेजारून वाहणाऱ्या नदीचे नावही चंद्रभागाच आहे. आषाढी एकादशीचा सोहळा आटोपला की पौर्णिमेला पांडुरंग संत कोलबास्वामींच्या या गावी मुक्कामाला येतात, अशी आमच्याकडची श्रद्धा आहे. नागपूरपासूनचे अंतर सुमारे 40 किलोमीटर असून आमची दिंडी ते दोन दिवसांत चालते. आळंदीहून निघणाऱ्यांना हे अंतर फार थोडे वाटेल. परंतु ज्याला दुकान बंद ठेवून अडीच-तीन आठवडे घराबाहेर राहणे जमत नाही, त्याच्यासाठी देवाने स्वतः इतक्या जवळ यावे, यातच मला वारकरी पंथाचा जिव्हाळा दिसतो.

गोरेवाड्याचा तलाव मागे पडेपर्यंत पावसाची भुरभुर होती. फेटरीच्या पुढे ऊन पडले आणि काळ्या वावरांमधली नुकती उगवलेली कपाशी, धुऱ्यावरचे गवत आणि संत्र्याच्या झाडांवर धरलेली आंबिया बहराची हिरवी फळे स्पष्ट दिसू लागली. माझ्या पुढे चालणाऱ्या मावशींच्या डोक्यावर तुळशीवृंदावन होते. टाळ धरून तीन-चार तास झाल्यावर मनगट भरून आले, तेव्हा बाबांच्या उजव्या हाताच्या बोटांवरचे घट्टे मला आठवले. इतकी वर्षे मी ते गॅरेजमधल्या पान्ह्याचे घट्टे समजत होते.

बाबा तरुणपणी गॅरेजमध्ये हेल्पर होते आणि तेथूनच जुन्या गाड्यांच्या व्यवहारात आले. गाडीची परीक्षा त्यांनी मला लहानपणीच शिकवली. दारावर बोटाने वाजवले की पोटीन, म्हणजे पोचे बुजवायचा लेप, भरलेला पत्रा बद्द बोलतो. दाराचे रबर उपसून पाहिले की स्पॉट वेल्डिंगच्या मूळ खुणा आहेत की नाहीत, म्हणजे पत्रा कारखान्यातलाच आहे की नंतर जोडलेला, ते कळते. बॉनेटच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर तो कधीतरी खोलला गेला आहे. धूर निळसर असेल तर इंजिन ऑइल जाळत आहे. मीटरवर चाळीस हजार किलोमीटर दिसत असताना क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर विश्वास रबरावर ठेवावा, मीटरवर नाही.

हे सारे ठाऊक असणाऱ्या माणसाला ते लपवताही येते, आणि बाबांनी एकदा ते लपवले होते. ही गोष्ट त्यांनी आम्हा भावंडांना स्वतःच सांगितली आहे, म्हणून मी ती लिहू शकते. काटोलकडच्या एका शिक्षकांना त्यांनी अपघातात पुढची चौकट वाकलेली फियाट रंगरंगोटी करून आणि मीटर मागे फिरवून विकली. आत्याच्या लग्नाचे कर्ज डोक्यावर होते. तीन महिन्यांत गाडी एका बाजूला ओढू लागली आणि गुरुजी ती घेऊन दुकानात आले. ते ओरडले नाहीत, तक्रारीची भाषा त्यांनी केली नाही. गाडीत मुलांना बसवायची भीती वाटते, एवढेच ते बोलले. बाबांनी त्या रात्री जेवण केले नाही, असे आई सांगते.

गाडी परत घेतली गेली आणि त्याच आषाढात बाबांनी धापेवाड्यास तुळशीची माळ घातली. त्यानंतर दुकानात एक वही आली. आलेल्या प्रत्येक गाडीचे एक पान असते; त्यावर तिच्यातल्या सगळ्या उणिवा बाबा स्वतः लिहितात आणि गिऱ्हाइकाने ते पान वाचून सही केल्याशिवाय बयाणा घेत नाहीत. आरसी बुकावर नवे नाव चढेपर्यंत ते व्यवहार पुरा झाला असे मानत नाहीत, कारण नाव बदलले नाही तर उद्याच्या अपघाताचे झेंगट जुन्या मालकाच्या दाराशी येते. उत्तम व्यवहाराने धन जोडावे, असे तुकोबांनी सांगितले आहे. बाबांनी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. सुरुवातीची काही वर्षे धंदा निम्म्यावर आला होता, हेही नमूद केले पाहिजे, कारण प्रामाणिकपणाचे फळ लगेच मिळते असे सांगणे खोटे ठरेल. त्या काळात आईने पापड लाटून घराला हातभार लावला.

रात्रीचा मुक्काम कळमेश्वरला होता. हरिपाठ झाल्यावर झुणका-भाकरीच्या पंगतीत शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी 2021 च्या एप्रिलची आठवण काढली. त्या दिवसांत नागपुरात रुग्णवाहिका मिळत नव्हती आणि बाबांनी विक्रीसाठी उभ्या असलेल्या दोन व्हॅन वस्तीच्या हवाली केल्या होत्या. एक त्यांनी स्वतः चालवली. त्या गृहस्थांची पत्नी त्याच व्हॅनमधून रुग्णालयात गेली आणि बरी होऊन परतली. ती समोरच भाकरी वाढत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी धापेवाड्याच्या नदीकाठी पोहोचलो, तेव्हा गर्दीत एक वृद्ध गृहस्थ माझ्या हातातल्या टाळांकडे पाहत जवळ आले. ते गुरुजी होते. मी त्यांच्या पाया पडले आणि वारकरी रीतीप्रमाणे, मी अडवण्याआधीच, तेही वाकले. बाबा आले नाहीत हे ऐकून ते काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मला ठाऊक नसलेली गोष्ट सांगितली. बाबा पैसे परत करायला गेले, तेव्हा त्यांनी तीन महिन्यांचे व्याजही नेले होते. "व्याज मी घेतलं नाही," गुरुजी म्हणाले. "म्हटलं, ते राहू दे, त्याच्याऐवजी माझ्याबरोबर धापेवाड्याला चल. मला वाटलं, एकदा येईल."

दर्शनाच्या रांगेत आम्ही दोघे बरोबर उभे राहिलो. विठ्ठलासमोर पोहोचल्यावर काय मागावे ते मला सुचले नाही. मी टाळ चौकटीला लावले आणि पुढे सरकले.

घरी परतले तेव्हा रात्र झाली होती. वारीहून आलेल्या माणसाचे पाय धुण्याची आमच्या घरी पद्धत आहे, आणि दरवर्षी बाबांचे पाय मी धुवत असे. या वेळी बाबा परात आणि कोमट पाणी घेऊन उंबऱ्याजवळ स्टुलावर बसले होते. गुडघा वाकत नसल्याने त्यांनी माझा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला, टाचेवरचा फोड टाळून पाणी घातले आणि खाली पाहतच विचारले, "गुरुजी भेटले का?"